खंडेनवमीला कापलेल्या तारा

नाही, दादासाहेब, खाली बसा. स्टुलावर चढायचं नाही. पंखा आवाज करतोय ना, करू द्या. सुमनताई, त्यांच्या हातातला पाना घ्या बरं. सत्काराच्या शालीखालून पाना काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.

घेतलात? मग सुरू करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वर्कशॉपचे मालक अर्जुनराव, ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण सारे जमलो ते आमचे फोरमन दादासाहेब शेवकरी, त्यांच्या पत्नी आणि खरं म्हणजे निम्म्या शालीच्या मानकरी सुमनताई, तळवड्याच्या आमच्या गल्लीतले शेजारी, वर्कशॉपमधले सहकारी, आणि शिफ्ट बदलून निगडीपर्यंत आलेले मित्रहो, आपणा सर्वांना साधनाचा नमस्कार.

सोमवारपासून दादासाहेबांच्या टेबलावर मी बसणार आहे. म्हणून बोलायला मला उभं केलं असावं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं. वक्तशीरपणाबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे, आणि ऐकताना दादासाहेब मान डोलवत होते हेही आपण पाहिलंत. स्वतःची स्तुती इतक्या मोकळेपणानं ऐकणारा माणूस दुर्मीळ. लाजणं हा प्रकार त्यांच्यात नाही. मला त्यांच्यात सगळ्यात आवडलं ते हेच, आणि त्याचं कारण सांगायला मला एका दसऱ्याची गोष्ट सांगावी लागेल.

अध्यक्षमहाराज हसायला लागलेत. कुठला दसरा ते त्यांना कळलं.

सभागृहात घरची मंडळी आहेत, गाड्यांच्या धंद्याबाहेरचे लोक आहेत. त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगते. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. खाली वाकून पाहिलंत तर दिसेल. इंजिनाची ताकद तिथे येते आणि दोन चाकांत वाटली जाते. त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्याच्या पोटात दोन मोठे कामाचे गिअर असतात. एक ताटाएवढा, तो क्राऊन. दुसरा मुठीएवढा, मागे दांडा असलेला, तो पिनियन. कारखान्यात हे दोघे एकमेकांवर घासून तयार करतात. याचे दात त्याच्याच दातांत नीट बसतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. दुसरा क्राऊन दिसायला हुबेहूब, दातांची संख्याही तीच, पण बसवला की गाडी रडायला लागते, आणि काही दिवसांनी दात तुटतात. म्हणून दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो.

जोडी म्हटलं की नवरा-बायकोचा विनोद येतो. आतापर्यंत तो तीनदा झाला. सुमनताईंनी तिन्ही वेळा हसून दाखवलं. मी त्यांना चौथ्यांदा तसदी देत नाही.

आमच्याकडे येतात त्या जुन्या गाड्या. त्यांच्यावरचे नंबर गंजलेले असतात, घासून गेलेले असतात. म्हणून दादासाहेबांनी नियम घातला होता. जोडी गाडीतून निघाली की तिथल्या तिथे तारेनं बांधायची. गाडीवाल्याच्या नावाची पत्र्याची चकती त्या तारेत ओवायची. तार कापायचा अधिकार फक्त दादासाहेबांना. एकदा अर्जुनरावांनी कापली होती, मालक असून. दादासाहेब त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

तर ते नवरात्र. आमच्याकडे एकाच बनावटीच्या तीन जुन्या जीप एकदम खोललेल्या होत्या. त्यातली एक अंबुबाईंची, आवाज करणारी झिजकी बेअरिंगं बदलायला आलेली.

अंबुबाई चाकणच्या पुढच्या एका गावच्या. साठी ओलांडलेल्या. नवरा गेल्यावर जीप त्यांनी स्वतः चालवायला घेतली. पहाटे आपली आणि शेजारच्या बायकांची भाजी भरायची, बायकाही भरायच्या, आणि चाकणच्या बाजारात उतरवायची. मोठ्या कंटेनरच्या ड्रायव्हरला खिडकीतून हात बाहेर काढून थांबवणारी बाई, एवढं सांगितलं तरी पुरे. त्यांचा मुलगा शेखर तिकडेच एका कंपनीत. तो वाईट मुलगा नव्हे. त्याला भीती वाटायची. रस्त्यावर रहदारी ही अशी, आई ही अशी, आणि जीप खालून ओरडणारी.

त्या दोघांत वर्कशॉपच्या दारात झालेलं बोलणं मी ऐकलंय.

"आई, बास झालं आता. भंगारात देऊ."

"माझ्या जीपला भंगार म्हंतुस? तू तिच्यातच दवाखान्यातनं घरी आलास."

"म्हणून काय जन्मभर तिच्यातच फिरायचं?"

"फिरीन की. तुला कोण बस म्हंतंय?"

शेवटी तोड निघाली. दसऱ्याच्या संध्याकाळी जीप दारात उभी राहिली आणि तिच्यात आवाज नसला, तर शेखर पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येणार. शेखरनं टेम्पो सांगूनही ठेवला होता. अंबुबाईंनी चारचौघांत शब्द दिला होता, आणि त्या दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हेत. जीप गेली की त्यांचं गाडी चालवणंही गेलं. या वयात नवी गाडी कोण हातात देणार?

दादासाहेब म्हणाले होते, "मावशी, दसऱ्याला जीप तुमच्या दारात. मी म्हणतोय म्हणजे झालं समजा."

आता खंडेनवमी. आपल्या या पट्ट्यात त्या दिवशी कुठल्याही शेडमध्ये जा, मशिनं पुसलेली, हत्यारं मांडलेली, झेंडूचा वास ऑइलच्या वासावर मात करतोय. पण दादासाहेबांची मांडणी म्हणजे निराळंच प्रकरण. गल्लीतल्या इतर वर्कशॉपांशी त्यांची स्पर्धा चालते. शेजारी समोरच बसलेत, त्यांना विचारा. त्या वर्षी समोरच्या वर्कशॉपवाल्यांनी पान्यांचा मोर केला होता. दादासाहेब तो सकाळी पाहून आले आणि स्टुलावर बसले.

मग उठले. आमच्याकडचे सगळे क्राऊन डिझेलनं धुतले. एका मोठ्या वर्तुळात ताटांसारखे मांडले, प्रत्येकात झेंडू भरला. आतल्या वर्तुळात पिनियन उभे केले, समयांसारखे. आणि सगळं शोभून दिसेना, कारण प्रत्येक जोडीला गंजकी तार आणि चकती लोंबत होती.

"तारेनं बांधलेले देव असतात का कुठे?" असं म्हणाले, आणि कटर घेतला.

तारा कापायचा अधिकार त्यांनाच होता. त्यांनी तो वापरला.

बाकीच्या जोड्यांचं निभावलं. कुणाचे दात कमी, कुणाचे जास्त, ओळखता येत होत्या. पण या तीन जीप. तीन क्राऊन, तीन पिनियन, सगळे सारखे, सगळे चकचकीत. मांडणीचा फोटो दादासाहेबांच्या मोबाइलवर स्टेटसला गेला. समोरचे लोक येऊन बघून गेले आणि काही न बोलता परतले, म्हणजे आपण जिंकलो. पूजलेली हत्यारं त्या दिवशी हलवायची नाहीत, म्हणून कुणी हात लावला नाही. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली, दादासाहेबांनी अंबुबाईंचा क्राऊन उचलायला हात पुढे केला, आणि तो हात तसाच राहिला.

मी शेजारी उभी होते. त्यांनी तीन क्राऊन मोजले, मग पुन्हा मोजले.

अर्जुनराव, आता आपला भाग येतोय. सांगू ना?

अर्जुनराव म्हणाले, "त्यात काय एवढं? तिघांतली कुठलीही बसव. घट्ट ऑइल भर. दोन महिने आवाज दबतो. म्हातारी आज खूश, पोरगा गप्प. पुढचं पुढे."

ऐकलंत, अध्यक्ष तिकडून म्हणताहेत, "म्हणालो होतो!" मालकानं भर सभेत कबूल करणं हाही आजच्या कार्यक्रमाचाच भाग समजा.

तेवढ्यात अंबुबाईच दारात आल्या. बसनं आल्या होत्या. हातात जीपसाठी तोरण, पदराला आपट्याची पानं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला काय सांगायचं याच्या तयार ओळी असतात. पार्ट मिळत नाही. आज सुट्टी आहे. माल निकृष्ट निघाला. दादासाहेबांना त्या सगळ्या पाठ आहेत, आम्हाला त्यांनीच शिकवल्यात. मी मनात एक निवडूनही ठेवली होती. आणि ते म्हणाले,

"मावशी, तुमची जोडी मिसळली."

"मिसळली म्हंजी?"

"दुसऱ्या दोन जोड्यांत. कुठली तुमची, ते कळत नाही."

"कुणी मिसळली?"

"मी."

"कशापायी?"

"शोभेसाठी."

अंबुबाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. तोरण मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मग शोभा झाली का?"

"झाली."

"दावा."

दादासाहेबांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. बाईंनी तो हातभर लांब धरून पाहिला. "बरी झालीया. खालच्या अंगाला झेंडू कमी पडला." मग मोबाइल परत दिला. "आता माझी जोडी हुडका. सांजच्याला शेखर यील."

आता हुडकायची कशी? दात दाताला नीट टेकतो का हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी क्राऊनच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावतात आणि पिनियन हातानं फिरवतात. जिथे दात टेकतो तिथला शेंदूर निघतो आणि ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना. गाडी ओढते तेव्हा दाताची एक बाजू काम करते, उतारावर दुसरी. जोडी परकी असली की एका बाजूचा ठसा मधोमध येतो, तर दुसऱ्या बाजूचा कडेला पळतो. पिनियनमागे कागदासारख्या पातळ चकत्या घालून तो मधोमध आणावा, तर पहिला पळतो.

मी शेंदराचा डबा काढला. डबा रिकामा.

सगळ्यांनी दादासाहेबांकडे पाहिलं. ते शेडमधल्या, बेअरिंगं दाबून बसवायच्या मोठ्या प्रेसकडे बघत होते. खंडेनवमीला त्यांनी त्या प्रेसला वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला होता. वाळून कडक झाला होता. पत्र्यानं खरवडून पाहिला, पापुद्रे निघाले.

डांगे चौकातून पूजेच्या सामानातली पाकिटं आणवली. ती नुसती रंगवलेली भुकटी. तेलात गोळे झाले, दातांवरून घरंगळले. दुपार झाली होती. तेव्हा दादासाहेब चप्पल न घालताच बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकाच्या मारुतीकडे गेले. तिथले गुरव हिंदुराव. त्यांचं-यांचं फारसं बरं नाही. मागे देवळाच्या दाराची बिजागरी दादासाहेबांनी न विचारता दुरुस्त केली होती, आणि ती चांगली झाली होती, म्हणून.

हिंदुराव म्हणाले, "देवाचा शेंदूर? कशाला?"

"दात बघायचेत."

"कुणाचे?"

"जीपचे."

"सणाच्या दिवशी चेष्टा करताय काय, दादासाहेब?"

यांनी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, मोरापासून. हिंदुराव ऐकत गेले आणि हसत गेले. मग त्यांनी वाटीत शेंदूर काढला, देवापुढचं तेल घातलं, बोटानं मळला. पण वाटी हातात देईनात. "देवाची वाटी हाय. मी संगं येतो." तर असे गुरव, देवाची वाटी आणि अनवाणी फोरमन, तिघे मिळून वर्कशॉपमध्ये आले.

शेंदूर झकास होता. दाताला धरून राहिला.

मग आम्ही बसलो. एक क्राऊन, एक पिनियन, लाव, फिरव, बघ, धू. पुन्हा. मी चकत्या देत होते, दादासाहेब फिरवत होते. हिंदुराव वाटी धरून. अंबुबाई स्टुलावरून प्रत्येक ठशाला विचारत, "ही का?" दादासाहेब म्हणत, "नाही." "ही?" "जरा दम धरा, मावशी." "दम धरलाय म्हणूनच इथं बसलीया." अर्जुनराव आधी दूर उभे होते. मग बाह्या सरसावून तेही क्राऊन धुवायला बसले. घट्ट ऑइलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ऊन शेडच्या दारातून मागे सरकलं तेव्हा एक ठसा आला. मधोमध. दादासाहेबांनी पिनियन उलटा फिरवला. दुसऱ्या बाजूलाही मधोमध. क्राऊनचा पूर्ण फेरा घेतला, दातामागून दात, सगळीकडे तसाच. दादासाहेबांनी नुसता हात वर केला.

"ही," मी म्हणाले.

पण ही अंबुबाईंची कशावरून? राहिलेल्या दोन जोड्याही लावून पाहिल्या, त्याही आपापल्या बसल्या. तेव्हा अंबुबाई म्हणाल्या, "माझी जीप आमच्या ह्यांनी एकदा दगडावर घातली हुती. मागला गोळा धडकला हुता." खरंच, बाजूला काढून ठेवलेल्या त्यांच्या गोळ्याच्या आवरणाला आतून फुगवटा होता. आणि या क्राऊनच्या पाठीवर, त्याच उंचीला, तो घासल्याची गोल रेघ. इतर दोघांवर नव्हती. संपला प्रश्न.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी रॉकेल घेतलं, आता शेंदूर धुवायचा आणि जोडी बसवायची. तोच अंबुबाई आडव्या आल्या.

"पुसायचा न्हाई. देवाचा हाय."

"मावशी, तो ऑइलमध्ये गेला तर बेअरिंग खाईल."

"देव काय बेअरिंग खातू व्हय?"

या प्रश्नाला उत्तर कोण देणार? माझ्या डिप्लोमात हा विषय नव्हता. दादासाहेबांनी हिंदुरावांकडे पाहिलं. हिंदुरावांनी घसा साफ केला. "मावशी, मारुतीच्या अंगावरचंबी शेंदराचं कवच उतरतं. आतनं देव नवा निघतो. उतरू द्या." बाईंनी विचार केला. मग बाजूला झाल्या. पण ज्या फडक्यानं क्राऊन पुसला ते फडकं त्यांनी मागून घेतलं आणि घडी करून जीपच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं.

दिवेलागणीला शेखर आला तेव्हा जीप जमिनीवर होती, तोरण बांधलेली. आम्ही भक्ती-शक्ती चौकाच्या पुलावर जायचं ठरवलं. तिथे चढही आहे, उतारही. स्टिअरिंगवर अंबुबाई, शेजारी शेखर, मागे मी. आणि दादासाहेब मागच्या फळीवर आडवे, कान खाली लावून. नवीन सदरा घालून, हे सुमनताईंना आज कळतंय.

चढावर आवाज नाही. शेखर पुढे वाकून ऐकत होता. पुलाचा माथा आला, बाईंनी पाय उचलला, जीप उताराला लागली. आणि मागून बारीक आवाज सुरू झाला. घुं... घुं...

"आई," शेखर म्हणाला, "येतोय."

बाईंनी जीप कडेला घेतली, थांबवली. आवाज चालूच.

"दादासाहेब," अंबुबाई मागे न बघता म्हणाल्या, "तुमी काय म्हंताय काय?"

दादासाहेब डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होते. त्यांना तो आपला आवाज आहे हे माहीतच नव्हतं.

शेखर हसला की नाही ते मला मागून दिसलं नाही. आम्ही पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. या वेळी दादासाहेबांच्या तोंडावर माझा रुमाल होता. काहीही ऐकू आलं नाही. नुसतं टायर आणि वारा. शेखरला विचारलं, काय ठरलं? तो म्हणाला, "सकाळी बघू." आम्हाला अंबुबाईंनी चौकात उतरवलं, शेखर खाली उतरून दादासाहेबांच्या पाया पडला, आणि मायलेक गावाकडे गेले.

तेव्हापासून आमच्याकडे खंडेनवमीला जोड्या तारेसकट पूजल्या जातात. झेंडू तारेवर बांधतात. समोरचे दरवर्षी जिंकतात. दादासाहेबांना ते दरवर्षी लागतं, आणि ते तसं दरवर्षी बोलून दाखवतात.

मी सुरुवातीला म्हणाले, की त्यांना लाजता येत नाही. म्हणूनच ते "मी" म्हणू शकले. मोठेपणा सांगताना जो आवाज, तोच चूक सांगताना. खाली आला नाही. सोमवारी मी त्या टेबलावर बसेन तेव्हा मला चकत्या मोजता येतील, ठसा वाचता येईल. तो आवाज जमेल का, ते मला अजून माहीत नाही. प्रयत्न करीन.

दादासाहेब, आपणाला आणि सुमनताईंना पुढची वर्षं निवांत, आनंदाची जावोत. घरातल्या बिजागऱ्या विचारून दुरुस्त करा. अध्यक्षांनी स्वतःवरचे शेरे हसून घेतले, त्याबद्दल त्यांचे आभार. सभागृह मिळवून देणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या, चहा देणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर धाकटी समजून पोटात घाला.

आणि हो, सकाळचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेखरनं भंगारवाल्याला फोन करून टेम्पो आणू नको म्हणून सांगितलं. अंबुबाई तोवर मेथी घेऊन चाकणला पोचल्या होत्या.